वर सरकलेला रकाना

आमच्याकडे सिकलसेलची तपासणी गावोगाव होते. पांढरं कार्ड म्हणजे काही नाही, पिवळं म्हणजे वाहक, लाल म्हणजे आजारी. दोन पिवळ्यांचं लग्न झालं तर मूल लाल निघू शकतं; दोन पांढऱ्यांचं मूल मात्र पांढरंच. आम्ही बौद्ध लोक पत्रिका बघत नाही, पण साक्षगंधाआधी, म्हणजे साखरपुड्याआधी, कार्ड मागतो.

ती कार्डं मी छापत होतो. मी तालुक्याच्या आरोग्य कार्यालयात लिपिक होतो. निवृत्ती जवळ आली तेव्हा कॉम्प्युटर टेबलावर आला. प्रयोगशाळेतून साध्या मजकुराची फाइल यायची. एका ओळीत एक माणूस: क्रमांक, नाव, वय, गाव, निकाल, आणि मध्ये स्वल्पविराम. ती तशीच एक्सेलमध्ये ओतली की सगळं एकाच रकान्यात कोंबलं जाई. मग विभाजक म्हणून स्वल्पविराम निवडायचा, की प्रत्येक गोष्ट आपापल्या रकान्यात बसे. एवढं जमलं तेव्हा मला फार हुशार झाल्यासारखं वाटलं होतं.

आरमोरीपलीकडच्या एका गावाच्या फाइलमध्ये एका म्हातारीचा निकाल कोरा होता. तिच्या रक्ताचा नमुना वाटेत गोठला होता. मधली मोकळी चौकट मला खटकली. मी ती काढून टाकली. प्रोग्रामने विचारलं, खालचे वर सरकवू का? मी हो म्हटलं. फक्त निकालाचा रकाना वर सरकला, नावं जागेवरच राहिली. त्या म्हातारीपासून शेवटच्या माणसापर्यंत प्रत्येकाला खालच्या नावाचा निकाल मिळाला. कार्डं छापली, वाटली.

काही महिन्यांनी एक धानाचा शेतकरी कार्यालयात आला. स्वतःचं, बायकोचं आणि मुलीचं अशी तीन कार्डं टेबलावर ठेवली.

"बाबूसायेब, मी पांढरा, हिची माय पांढरी. मंग पोरगी पिवळी कशी? सोयरीक मोडली. पाहुणे तिच्या मायबद्दल वाईट बोलून राह्यले."

"मशीन चुकत नसते," मी म्हणालो.

"मशीन नाई चुकत. मानूस?"

मी त्याला परत पाठवलं. तो गेल्यावर फाइल उघडली. तळाशी शेवटच्या माणसासमोर निकाल कोरा होता. मूळ फाइल शेजारी लावली आणि चूक कुठून सुरू झाली ते दिसलं. फाइल दुरुस्त केली, पण कार्डं परत मागवली नाहीत. चौकशी लागली असती, पेन्शन अडकली असती. त्या माणसाला चिठ्ठीही पाठवली नाही.

निवृत्त होऊन आता बरीच वर्षं झाली. गेल्या महिन्यात नातीची सोयरीक आली. पाहुण्यांनी कार्ड मागितलं तेव्हा ते कपाटातून काढून मी दोनदा डोळ्यांजवळ धरून वाचलं. घरच्यांना वाटलं, वय झालं. दुसऱ्या दिवशी मूळ आणि चुकलेली, अशा जपून ठेवलेल्या दोन्ही याद्यांचे कागद घेऊन मी एसटीने त्या गावी गेलो.

तो शेतकरी वारला होता. मुलगी नर्स होऊन त्याच गावच्या उपकेंद्रात होती. अविवाहित. मी सगळं सांगितलं. कागद पुढे केले. ती माझ्याकडे न बघता ते वाचत राहिली.

"नर्सिंगले गेली तवाच रक्त तपासलं, काकाजी. पांढरीच निघाली. बाबा तोवर गेले होते. मायनं मात्र बारा वर्सं ऐकलं."

"तिची माफी मागायला आलोय."

"मागा. ते मंग." तिने बोट यादीवर ठेवलं. "माह्या नावापुढं खालच्याचा निकाल लागला. मंग पिवळं कोनाचं होतं?"

या प्रश्नाचं उत्तर त्या दुपारी कार्यालयातच मला दिसलं होतं. तिथून मी नजर वळवली होती. माझ्या हिशेबी अपराध एका मुलीच्या मोडलेल्या लग्नाचा होता, आणि तेवढाच मी इतकी वर्षं उगाळत बसलो. नावं घरोघर फिरून लिहिलेली. तिच्या खालचं नाव शेजारच्या घरातलं.

"याले पांढरं कार्ड देलं तुम्ही," ती म्हणाली. "याची बायको पिवळी आहे. माह्याच रजिस्टरमध्ये आहे. तिसरा महिना लागला."

मी खाली बसलो. पाणी द्या, म्हणालो असेन. तिने दिलं नाही.

"बसू नका, काकाजी. अजून वेळ आहे. आज दोघायचं रक्त पाठवतो, मंग डॉक्टर सांगतीन पुढं काय करायचं. पन कार्ड खोटं आहे हे तुम्हीच सांगा. मी सांगतलं तर म्हनतीन, सोताचं पिवळं आमच्या माथी मारून राह्यली."

तिने सुया, बाटल्या पिशवीत भरल्या आणि पुढे चालू लागली. मी कागद घेऊन तिच्या मागे निघालो. शेजारच्या अंगणात तो तरुण सायकलची चेन बसवत होता, त्याची बायको दारात तांदूळ निवडत होती. तिने मला बसायला खाट दिली, पाणी आणलं. मी पाणी खाली ठेवलं, दोन्ही कागद खाटेवर उलगडले आणि त्याला म्हणालो, "भाऊ, तुझं कार्ड घेऊन ये. ते मी चुकीचं छापलं आहे."