मरियामातेच्या पायांवरची हळद

रंगराव दगडावर कधी चिडले नाहीत, माणसांवर मात्र रोज चिडायचे. आणि का नाही चिडणार? वारज्यापुढच्या टेकडीवर मरियामातेचं तीर्थस्थान आहे, तिथली संगमरवरी मूर्ती वीस वर्षांपूर्वी त्यांनी घडवली. गणपती, दत्त पुष्कळ केले, पण पायाच्या नखापासून पदराच्या चुणीपर्यंत एकट्याच्या हातची मूर्ती हीच. आणि गेलं वर्षभर कोणीतरी दर शुक्रवारी तिच्या पायांना तेलात कालवलेली हळद फासून जात होतं.

तिथे येणारे निम्मे लोक हिंदू. त्यांना नुसती मेणबत्ती पुरत नाही. घरच्या देवीसारखी खणानारळाने ओटी भरायची असते. भरा ना! पण संगमरवर म्हणजे काय स्टीलचं ताट आहे, घासलं की लख्ख? तेल आत मुरतं, पिवळेपणा जाता जात नाही. घासून घासून मूर्तीच्या बोटांची नखं पुसट झाली. रंगरावांनी पाटी लावली: 'हळद लावू नये. मूर्ती दगडाची आहे, आपलं डोकं नसावं.' कुणीतरी पाटीलाच कुंकू लावलं.

यंदा तिथल्या फादरनी सांगून टाकलं, सप्टेंबरच्या यात्रेआधी पाय पांढरे झाले नाहीत तर फायबरची मूर्ती बसवू, ही कोठीत ठेवू. वर्षभर रंगरावांचा उजवा हात कापत होता, छिन्नी सुटली होती. नवीन काही घडणार नव्हतं. हीही कोठीत गेली तर आपलं म्हणून उरलं काय?

शुक्रवारी ते खांबाआड दबा धरून बसले. आज चांगली खरडपट्टी काढायचीच. अकराच्या सुमारास डोक्यावर पदर घेतलेली एक बाई आली, वाकून तिने दोन्ही पायांना हळद लावली. रंगराव तणतणत पुढे झाले. बाई वळली. त्यांचीच बायको, मुक्ताई.

"अगं, तुला काही कळतं का?"

"तुम्ही हिचे हात घडवलेत," मुक्ताई म्हणाली. "हिने तुमचा एक हात धड करावा, एवढंच मागते."

स्वतःवरच चडफडत रंगराव पाय पुसायला वाकले, तर हात असा थरथरला की हळद आणखी पसरली. मग मुक्ताईने त्यांचं मनगट धरलं आणि दोघांनी मिळून पुसलं. डाग राहिलाच.

संध्याकाळी फादरनी विचारलं, सापडलं का कोणी?

"फायबरची मागवा, फादर," रंगराव म्हणाले. "फक्त शुक्रवारी कोठीला कुलूप लावू नका."