लायमस दाजींची जीभ

माझे दाजी लायमस रोज सकाळी नदी प्यायचे.

म्हणजे घोटभरच. बांधावर जायचे, उघाडीच्या, म्हणजे बांधातल्या पाण्याच्या दाराच्या, फळीवर उकिडवे बसायचे, भोपळ्याचा तुंबा पाण्यात बुडवायचे आणि एक घोट तोंडात घेऊन डावा डोळा मिटायचे. मग तो घोट या गालातून त्या गालात असा फिरवायचे, की बघणाऱ्याला वाटावं, हा माणूस आता नदीला शिव्या देणार. मग थुंकायचे. "गोडं" म्हणाले की झडप वर. "खारं" म्हणाले की झडप खाली, आणि सगळ्यांनी गपचूप आपापल्या घरी.

आमची भाताची शेतं समुद्रापासून फार लांब नाहीत. भरती आली की समुद्र नदीला मागे रेटतो, नदी फुगते, आणि उघाडी उघडली की गोडं पाणी आपोआप शेतात शिरतं. पण त्या गोड्या पाण्याच्या मागोमाग समुद्र स्वतःही येत असतो. एकदा खारं पाणी आत आलं की उभं भात करपतं, आणि पुढच्या वर्षाचंही काही खरं नाही. म्हणून उघाडीवर जो माणूस असतो त्याच्या जिभेवर सगळ्यांचं पोट. दक्षिण कॅरोलिनातल्या आमच्या या मळ्यावर अठ्ठावीस वर्षं ती जीभ लायमस दाजींची होती.

मी बायना, त्यांच्या बायकोची धाकटी बहीण, त्यामुळे त्यांची थट्टा करायचा मला परवानाच होता. आणि थट्टा करण्यासारखं पुष्कळ होतं. उधाणाच्या आठवड्यात ते कांद्याला शिवायचे नाहीत, तंबाखूला शिवायचे नाहीत, मिरीचा डबा घरात दिसला तरी पाप लागल्यासारखे बाहेर जाऊन बसायचे. टेनाताईच्या स्वयंपाकाला नाव ठेवलं नाही असा दिवस नव्हता. "कालवणात मीठ तीन दाणे जास्त," म्हणायचे.

"मोजलेत वाटतं?" ताई म्हणायची.

"मोजायला कशाला पाहिजे? मला कळतं."

"मग उद्यापासून तुम्हीच चुलीपुढे बसा. मी नदीवर जाते थुंकायला."

असा त्यांचा संसार. भांडण रोजचं आणि माया त्याहून जास्त. पण दाजींची एक गोष्ट मला कधी थट्टेवारी नेता आली नाही. हा माणूस स्वतःचं काहीही दुखलेलं सांगायचा नाही. एकदा पायावर ओंडका पडून अंगठा मोडला, तर सात आठवडे त्याच पायाने बांधावर चालत राहिले. दाढ किडली तेव्हा गाल टोपीएवढा सुजला, आणि विचारलं तर म्हणतात, "जाडा होतोय मी."

त्याला कारण होतं, आणि ते आम्ही सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. दाजींच्या आधी उघाडीवर म्हातारा क्वॉश असायचा. त्यानेच दाजींना चव शिकवली. साठीत त्याला थंडीताप आला आणि जिभेची चव गेली. त्याने एकट्या दाजींना सांगितलं. दाजी तेव्हा वीस वर्षांचे. पण अशी गोष्ट लपून किती दिवस राहणार? मुकादमाच्या कानावर गेली आणि सोमवारी सकाळी क्वॉशला गाडीत बसवून सवानाच्या गुलामांच्या बाजारात नेलं. साठ वर्षांच्या माणसाला कोण विकत घेणार, कशासाठी घेणार, देव जाणे. तो परत आला नाही. त्याच संध्याकाळी दाजींच्या हातात तुंबा आला. आमच्या पिढीला हे वेगळं शिकवावं लागलं नाही: अंगात काही बिघडलं की आधी लपवायचं.

मग उत्तर-दक्षिणेचं युद्ध झालं. गुलामी उठली. मालक लढाईत मेला, त्याची विधवा शहरात राहायला गेली, आणि बांध कोणी दुरुस्त करेना म्हणून तीन वर्षं नदी शेतांतून मोकाट फिरली. शेवटी आम्ही बत्तीस घरांनी मिळून ती शेतं विधवेकडून खंडाने घेतली. कागदावर अट अशी की पहिलं पीक बुडालं तर जमीन परत तिची, आणि आम्ही परत मुकादमाच्या हाताखाली. फरक एवढाच, की या वेळी तो मजुरी देणार होता, दिली तर. आमच्यातल्या एकाही घराला परत तिथे जायचं नव्हतं. त्या हिवाळ्यात बायापुरुषांनी कमरेएवढ्या चिखलात उभं राहून बांध घातले. माझ्या हाताची नखं त्यातच गेली, ती पुढे वाकडीच आली.

बत्तीस घरांचा म्होरक्या होता मिंगो. युद्धात तो पळून उत्तरेच्या निळ्या पलटणीत गेला होता आणि बंदूक, निळा कोट आणि भारदस्त आवाज घेऊन परत आला होता. कोट तो ऑगस्टातही काढायचा नाही. दाजींचं आणि त्याचं जमायचं नाही. मिंगो चारचौघांत म्हणायचा, "आम्ही गोळ्या खात होतो तेव्हा लायमसकाका मालकाचं पाणी चाखत बसले होते."

दाजी शांतपणे म्हणायचे, "पाणी मालकाचं कधी होतं रे? भात त्याचं होतं."

मिंगोच्या बाजूनेही बोलणारी माणसं होती. जे पळाले आणि जे राहिले, त्यांच्यात ती भेग होतीच. मालकाने ज्याच्या शब्दावर झडप उघडली, त्याच्या शब्दावर आपण का उघडायची, असं तरुण पोरं उघड विचारायची. पण ती चव ओळखायला दुसरं कोणी शिकलं नव्हतं, म्हणून तुंबा दाजींकडेच राहिला.

जूनमध्ये दाजींना थंडीताप आला. दहा दिवस हुडहुडी भरून ते पडून होते, अकराव्या दिवशी उठून बांधावर गेले. सगळं ठीक दिसत होतं. वरच्या अंगाला पाऊस झाला होता, नदी भरलेली होती, दाजी रोज घोट घ्यायचे आणि रोज "गोडं" म्हणायचे.

मग एका रविवारी मी ताईकडे जेवायला गेले. भेंडी आणि खेकड्याचं कालवण होतं. ताईने मीठ घातलं, आणि ती भाकरी थापायला वळली तेवढ्यात मीही घातलं, ती विसरली असेल म्हणून. पहिल्या घासाला माझे डोळे भरून आले. ताईने वाटी खाली ठेवली. आणि समोर दाजी, दुसरी वाटी पुढे करून म्हणतात, "आज जमलंय हां."

तीस वर्षांत पहिल्यांदा. ताईने माझ्याकडे पाहिलं, मी ताईकडे. ती उठली आणि कॉफीत साखरेऐवजी चमचाभर मीठ ढवळून दाजींपुढे ठेवलं. दाजी सगळी प्याले. मग आमची तोंडं पाहिली आणि त्यांना कळलं.

"कधीपासून?" ताईने विचारलं.

"तापापासून."

"आणि रोज गोडं-गोडं म्हणून झडप उघडताय?"

"नदी भरलेली होती. मला रंगावरून कळत होतं."

"आता पाऊस नाही, आणि पुढच्या शनिवारी अमावास्येचं उधाण. तेव्हा काय करणार?"

मी म्हणाले, मिंगोला सांगून टाका. त्यावर दाजी माझ्यावर ओरडले, आयुष्यात पहिल्यांदा. "क्वॉशने सांगितलं होतं! त्याचं काय झालं ते तुला सांगायला हवं का?"

"दाजी, आता कोण विकणार तुम्हाला?"

"ते मला कळतं, बायना," ते म्हणाले. "पण तोंडच उघडत नाही, त्याला मी काय करू?"

घराबाहेर आल्यावर मी ताईला म्हणाले की मीच सांगते मिंगोला. ताईने माझा दंड धरला. "खबरदार! ते त्यांचं त्यांना सांगू दे. शनिवारी नाही बोलले तर मी आहेच तिथे." तो आठवडा ती जेवली नाही धड. मीही तिच्यावर चिडूनच होते. बत्तीस घरांचं पीक एका म्हाताऱ्याच्या लाजेपायी पणाला लावायचं, हे मला पटत नव्हतं, आणि आजही पूर्ण पटलेलं नाही.

शनिवार उजाडला. कणसांत दाणा भरत होता आणि शेतात भेगा पडल्या होत्या. पाणी त्या दिवशी मिळालं नाही तर दाणा पोचट राहणार, आणि खारं मिळालं तर दाणाच नाही. बत्तीसही घरं बांधावर जमली. भरती चढत चढत उघाडीच्या वरच्या फळीला लागली. दोघं जण झडपेच्या दांड्याला हात लावून तयार होते.

दाजींनी घोट घेतला. डोळा मिटला. थुंकले. दुसरा घोट घेतला. मग तिसरा. आजवर त्यांनी कधी दुसरा घेतला नव्हता.

"काका, बोला की," मिंगो म्हणाला. "गोडं का खारं?"

ताई एक पाऊल पुढे झाली. तिचं तोंड उघडलंही होतं. पण त्याआधी दाजी उठून उभे राहिले, तुंबा फळीवर ठेवला, आणि म्हणाले, "मला कळत नाही. माझी जीभ मेलीय. जूनपासून."

मग त्यांनी टोपी काढली. दोन्ही हात अंगालगत सोडले आणि मान खाली घालून, पूर्वी मुकादमापुढे उभे राहायचे तसे उभे राहिले. पुढे काय होणार याची वाट बघत. आमच्यात विशीच्या पुढचं जे कोणी होतं, त्या प्रत्येकाला ते उभं राहणं ओळखीचं होतं.

मिंगो त्यांच्यासमोर गेला. मला वाटलं, आता हा बोलणार, दोन महिने आम्हाला फसवलंत म्हणणार, आणि त्यात काही चुकीचं नव्हतं. पण त्याने दाजींच्या हातातली टोपी घेतली आणि त्यांच्या डोक्यावर ठेवली. वाकडी बसली, म्हणून परत सरळ केली.

"काका, जीभच गेलीय ना?" तो म्हणाला. "डोकं तर आहे? मग सांगा, आता काय करायचं."

दाजी नुसती टोपी चाचपत राहिले. मिंगोनेच तुंबा बुडवून घोट घेतला. "गोडं आहे की!"

"तुझ्या तोंडात पाइप असतो दिवसभर," ताई म्हणाली. "तुला व्हिनेगरसुद्धा गोडं लागेल. आण इकडे." तिने घोट घेतला, थुंकली. "खारं."

मग जो गोंधळ झाला! सगळ्यांनाच चाखायचं होतं. त्याच वर्षी आमच्या पुरुषांनी निवडणुकीत मत दिलं होतं, आम्ही बायका बाहेर उभ्या राहून बघत होतो. बांधावर मात्र सगळ्यांनी चाखलं. पुरुष "गोडं" म्हणायचे, बायका "खारं" म्हणायच्या, आणि भरती कोणासाठी थांबत नव्हती.

तेवढ्यात दाजींचा आवाज आला, जुना, चिडका. "गप्प बसा सगळे! टेना, परत घे. आधी काय लागतं?"

"काही नाही. पाणी."

"थुंकल्यावर?"

"जिभेच्या कडांना... चरचरतं. आणि तोंडाला पाणी सुटतं."

"खारं!" दाजी गरजले. "दांड्याला हात लावाल तर बघा. थांबायचं. उधाण आहे, ओहोटी लागली तरी पाणी बराच वेळ उंच राहील. समुद्र मागे फिरला की वरचं गोडं पाणी खाली येतं, ते पकडायचं. टेना, घोट घेत राहा."

ताई फळीवर बसून घोट घेत राहिली, थुंकत राहिली, आणि दाजी शेजारी बसून विचारत राहिले. कडांना? अजून. आता? थोडं कमी. पाणी उतरताना दिसायला लागलं, एक बोट, दोन बोटं, चार. मिंगोच्या कोटाच्या पाठीवर घामाने नकाशा उमटला होता. एक बोट आणखी उतरलं असतं तर शेतात पाणी चढलंच नसतं.

"काही नाही," ताई म्हणाली. "थुंकल्यावरही काही नाही. नुसता चिखल लागतोय."

"तीच चव," दाजी म्हणाले. "उचला!"

झडप वर गेली आणि नदी शेतात आली. त्या पाण्यावर भात पिकलं, सप्टेंबरात आम्ही कापलं, जमीन आमच्याकडे राहिली, आणि उघाडीचा तुंबा त्या दिवसापासून टेनाताईचा झाला.

पण मला आठवते ती त्याच दिवसाची दुपार. आम्ही तिघं ताईच्या ओसरीवर बसलो होतो, चिखलाने माखलेले. मग दाजींनी पाय लांब केला आणि अगदी हळू, जवळच कोणी ऐकत असल्यासारखं इकडेतिकडे बघत म्हणाले, "टेना, माझा डावा गुडघा दुखतो."

ताई त्यांच्याकडे वळली. "केव्हापासून?"

"एकोणीस वर्षं झाली."

ताई उठली, पाणी तापवून आणलं, फडकं बुडवून पिळलं आणि त्यांच्या गुडघ्यावर ठेवलं. "आणखी?"

"उजव्या कानाने नीट ऐकू येत नाही."

"आणखी सांगा."

"पाठ. मधोमध. तुझ्याशी लग्न झालं त्याच्याही आधीपासून."

ती त्यांच्या पायाशी बसून रडत होती, फडकं बुडवत होती, पिळत होती. आणि ते एकेक करून सांगत होते, अंगठा, दाढ, खांदा, सगळं, संध्याकाळ होईपर्यंत.