मधला जिना

खालच्या मजल्यावर कापड कापलं जायचं, वरच्या मजल्यावर ते शिवलं जायचं, आणि दोन्हींच्या मधे एक अरुंद लोखंडी जिना होता. त्या जिन्यावर दिवसभर मावशी असायच्या.

दवाखान्यातल्या परिचारिका, हॉटेलातले वाढपी, दारावरचे पहारेकरी अशांचे गणवेश शिवणारा तो छोटासा कारखाना. मावशींचं काम म्हटलं तर हमालीचं. कापलेल्या तुकड्यांचे गठ्ठे छातीशी कवटाळून वर न्यायचे, शिवलेले कपडे खाली आणायचे. पण गठ्ठ्यांबरोबर निरोपही जायचे, आणि खरं ओझं त्यांचंच होतं. सगळे त्यांना वरखाली मावशी म्हणत. नवऱ्यानंही ते नाव उचललं होतं. संध्याकाळी त्या दारात दिसल्या की म्हणायचा, "आल्या का वरखाली? आता जरा आडव्या व्हा."

खाली कटिंग मास्तर. हात सोन्याचा, पण जीभ कातरीची. वर मशीनवर बसणाऱ्या बायकांच्या प्रमुख, मोठ्या बाई. त्यांचं बोलणं सुईसारखं, टोचून गेल्यावर कळायचं. मास्तरांचे गुडघे जिना चढू देत नसत आणि मोठ्या बाई बाहेरच्या जिन्यानं परस्पर ये-जा करीत. त्यामुळे इतक्या वर्षांत दोघांची गाठ पडली असेल ती फाटकात, मान हलवण्यापुरती. बाकी सगळा संसार मावशींच्या तोंडून चाललेला.

"त्या बाईला विचारा, डोळे घरी खुंटीला टांगून येते का? कॉलर उलटी लावलीय!" मास्तर खालून गरजायचे.

मावशी जिना चढता चढता ते वाक्य तोंडात घोळवायच्या, एकेक काटा काढायच्या, आणि वर पोचेपर्यंत त्याचं व्हायचं, "बाई, मास्तर म्हणाले, तुमच्या नजरेतून काही सुटत नाही. तेवढी कॉलर बघता का?"

"बघते की! किती अदबीनं बोलतो बाई हा माणूस."

उलटा निरोपही तसाच. "मास्तरांना म्हणावं, कातरी चालते की नुसती जीभच चालते?" हे वरून निघायचं आणि खाली पोचायचं ते, "बाई म्हणतात, तुमच्या कातरीला तोड नाही." मास्तर मिशीतल्या मिशीत खूश.

कारखान्यात कधी भांडण झालं नाही. मावशींना वाटायचं, ही आपलीच पुण्याई.

मग लेकीचे दिवस भरत आले. पहिलं बाळंतपण, गाव लांब, सासू अंथरुणाला खिळलेली. "आई, तू येशील ना गं?" एवढंच ती फोनवर म्हणाली, पण आवाज कापरा होता. मावशी तडक मालकांपुढे उभ्या राहिल्या. तीन महिन्यांची सुटी हवी म्हणाल्या.

मालकांनी कपाळाला हात लावला. "मावशी, गठ्ठे काय, कोणीही नेईल. पण त्या दोघांच्या मधे बोलणार कोण? तुम्ही एक दिवस तापानं पडलात तर मला दोन दिवस डोकेदुखी. दोघांना तुमच्यावाचून चालवता आलं तर खुशाल जा. नाही तर आठ दिवसांच्या वर मला जमायचं नाही."

मावशींच्या मनात आतल्या आत गुदगुल्या झाल्या. घरी येऊन त्यांनी नवऱ्याला सांगितलं तेही थोडं मिरवूनच. तो भाजी निवडत होता. मान वर न करता म्हणाला, "म्हणजे कारखाना तुझ्या डोक्यावर. आणि लेक कुणाच्या?"

मावशींचं मिरवणं तिथंच संपलं.

दुसऱ्या दिवशी त्या मोठ्या बाईंना म्हणाल्या, "बाई, बाह्यांचं ते दर आठवड्याचं रडगाणं आज तुम्हीच मास्तरांच्या कानावर घाला. चला खाली."

बाईंनी केस नीट केले, चष्मा पुसला. एवढ्या सज्जन माणसाला भेटायचं म्हणजे! खाली मास्तरांनीही सदऱ्यावरचे दोरे झटकले, स्टूल पुढे केलं. मावशींनी चहा सांगितला. बाईंनी चार बाह्या टेबलावर मांडल्या.

"मास्तर, यांची पुढची बाजू कुठली नि मागची कुठली, काही कळत नाही. माझ्या बायका शिवतात कमी आणि उसवतात जास्त."

"कळत नाही?" मास्तरांचा पारा चढला. "मग खडूची खूण काय मी मौजेखातर करतो? डोळे घरी खुंटीला टांगून येता का?"

बाईंचा चेहरा पाहण्यासारखा झाला. "हे... हे तेच मास्तर?" त्या मावशींकडे वळल्या, आणि मग पुन्हा मास्तरांकडे. "आणि तुमची कातरी चालते की नुसती जीभच?"

"अरेच्चा! 'तुमच्या कातरीला तोड नाही' म्हणणाऱ्या बाई त्या तुम्हीच ना?"

"मी? मी कधी म्हटलं?"

दोघांची तोंडं एकदमच मावशींकडे फिरली. मावशी कापडाकडे बघत पुटपुटल्या, "जिना उंच आहे हो. वाटेत थोडं सांडतं."

कोणी हसलं नाही. मावशींच्या डोळ्यांपुढे लेकीचा चेहरा आला. आता कसली सुटी?

पण मास्तर हट्टी. त्यांनी ताज्या बाह्यांचा गठ्ठा पुढे ओढला. "ही बघा खूण! आहे की नाही?"

"इथं आहे. वर येते तेव्हा नसते."

"हवेत उडून जाते? मावशी, उचला तो गठ्ठा. चार पायऱ्या चढा आणि या."

मावशी चढल्या, उतरल्या. गठ्ठा सोडला तर तुकड्यांच्या कडांवर नुसते पांढरे फराटे. खूण पार पुसलेली. मोठ्या बाईंनी मावशींचा हात धरून उजेडात नेला. कोपरापर्यंत पांढराफटक.

"मास्तर, तुमच्या खुणा इथं आहेत."

रोज संध्याकाळी मावशी तो हात साबणानं धुवायच्या. कापडाची धूळ, असंच त्यांना वाटायचं.

"पण मग हे मला कुणी सांगितलं का नाही?" मास्तर ओरडले.

"दर आठवड्याला सांगत होते! खूण टिकत नाही म्हणून बोंबलत होते!"

"माझ्यापर्यंत आलं ते एवढंच, की बाईंना बाह्या फार आवडल्या, खूण जरा ठळक करता आली तर बघा. केली की ठळक! आणखी खडू घासला!"

मावशींनी आपल्या हाताकडे पाहिलं, बाईंनी मास्तरांकडे, आणि आधी बाईंनाच हसू फुटलं. हसता हसता त्यांचा चष्मा घसरला. मास्तर गुरगुरले, पण मिशी हलायला लागली होती. त्यांनी कातरी उचलली आणि बाहीच्या कडेला इवलासा काप दिला. "हा पुसेल का?"

"हा कुठला पुसतोय."

वर्षानुवर्षांचं उसवणं तेवढ्यात संपलं. मग कॉलर निघाली, खिसे निघाले. दोघांचा आवाज असा चढला की मालक धावत आले.

"काय, भांडताय काय?"

"बोलतोय!" दोघंही एकदमच ओरडले.

मावशी जिन्याच्या खालच्या पायरीवर बसल्या होत्या. आपल्याला कुणीतरी विचारील म्हणून वाट पाहत होत्या. कुणी विचारलं नाही. जरा टोचलंच. मग मालक त्यांच्याकडे वळून म्हणाले, "मावशी, तिकीट कधीचं काढताय?" आणि ते टोचणं कुठल्या कुठे गेलं.

लेकीला मुलगी झाली. बारशाआधीच सगळे तिला चिमणी म्हणायला लागले. एके दुपारी मावशी तिला त्याच हातावर घेऊन फेऱ्या मारत होत्या, तेवढ्यात कारखान्यातून फोन आला. मास्तर होते.

"मावशी, जरा या बाईंना सांगा हो..."

"त्या तुमच्या शेजारीच उभ्या आहेत ना? मला ऐकू येतायत त्या."

"आहेत. पण तुमच्या तोंडून गोड लागतं. पट्ट्याची शिवण तिरकी आलीय."

"द्या त्यांना फोन," मावशी म्हणाल्या. बाईंचा "हॅलो" आला. मावशींनी चिमणीचं डोकं खांद्यावर टेकवलं आणि एकही काटा न काढता निरोप दिला, "बाई, मास्तर विचारतात, डोळे घरी खुंटीला टांगून येता का?"

पलीकडून असा हशा उठला की चिमणी दचकून जागी झाली.