टोपी घालणाऱ्या डॉक्टरबाई

"टोपी घाला!" अशी आरोळी आली आणि मी घातली. माझी. लोकरीची. कानांवरून नीट खाली ओढून.

चूक माझीच, पण समजून घ्या. कडाक्याची थंडी, बेसिंगस्टोकबाहेरचं जंगल, रविवारची सकाळ, आणि हाक चक्क मराठीत. परक्या मुलखात आपल्या भाषेत कोणी कान झाका म्हटलं की माणूस कारण विचारत नाही. पण ती टोपी माझ्या डोक्याची नव्हतीच. समोर टेबलावर माझी बंदूक आडवी ठेवलेली होती, बंदुकीवर लेझर बसवलेला होता, आणि डॉक्टरबाई त्या लेझरच्या तोंडावर लावायच्या रबरी झाकणाबद्दल ओरडत होत्या. लेझरसमोर माझी बायको वाकलेली होती. आणि मी टोपी घालून उभा.

आधी बंदुकीचं सांगतो, नाहीतर तुम्ही पोलिसांना फोन कराल. ती खोटी. आम्ही रीडिंग-बेसिंगस्टोक पट्ट्यातले काही सॉफ्टवेअरवाले, पोटं सुटलेले, गुडघे कुरकुरणारे, रविवारी जंगलात जाऊन प्लास्टिकच्या बारीक गोळ्यांनी एकमेकांना मारतो. याला एअरसॉफ्ट म्हणतात. आमच्या घरात याला 'ह्याचं ते काय ते' म्हणतात.

डॉक्टरबाई तिथल्याच. कुणाला सोडायला आलेल्या नव्हेत, खेळाडू. मिरजेत शिकून इकडच्या हॉस्पिटलात आलेल्या, डोळ्यांच्या सर्जन म्हणून अख्खी हयात काढलेल्या. वय विचारायची कुणाची टाप नव्हती. एकदा एका नवख्याने "तुम्ही रिटायर झालात ना?" एवढंच विचारलं, तर म्हणाल्या, "मी झालेय. माझे डोळे नाही झालेले." आणि पुढच्या खेळात त्याला पहिल्यांदा त्यांनीच टिपला.

पोटाखाली गरम पाण्याची पिशवी घेऊन त्या नेच्याच्या दाट पानांत पडून राहायच्या. दिसायच्या नाहीत. कधी कधी चिवड्याचा वास यायचा, पण तोवर उशीर झालेला असायचा. मला त्यांनी मांडीवर अशी गोळी मारली होती की मी बेंबीच्या देठापासून ओरडलो. लांबून मायेचा आवाज आला, "लागलं का रे? घरी गेल्यावर बर्फ लाव हं." पाठोपाठ दुसरी गोळी.

मात्र कुणाच्या बंदुकीवर लेझर दिसला की बाईंचा खेळ संपायचा आणि ओपीडी सुरू व्हायची. झाकणाला त्या 'टोपी' म्हणत. सहा फुटी, दंडभर गोंदवलेली गोरी पोरंही तो शब्द शिकली होती. बाई पार्किंगमध्ये दिसल्या की "टोपी, टोपी" अशी कुजबुज होऊन झाकणं लागायची. एकदा एक धिप्पाड गडी त्यांना लेझरवरचं लेबल दाखवायला लागला, बघा, यावर क्लास वन लिहिलंय, अगदी निर्धोक. बाईंनी चष्मा वर करून ते वाचलं. म्हणाल्या, लेबल म्हणजे विकणाऱ्याचं मत; मी मत विचारलेलं नाही. तेव्हापासून मैदानाच्या मालकाने नियमच केला, बाईंना पटल्याशिवाय लेझर गाडीतून बाहेर काढायचा नाही.

हा नियम मला ठाऊक होता. तरीही मी लेझर घेतला, आणि तोही इन्फ्रारेड. हा प्रकाश नुसत्या डोळ्यांना दिसतच नाही. रात्री बघायची खास दुर्बीण लावली तरच दिसतो. माझ्याकडे अशी दुर्बीण नव्हती. मी रात्री खेळतही नाही, सात वाजता मला जेवायला लागतं. म्हणजे जो लागलाय की नाही हे मला कधीच कळणार नाही, असा दिवा मी हौसेने मागवला. का? तर फोटोत छान दिसत होता. कुठल्याशा परदेशी साइटवर त्याच्याखाली 'लष्करी ताकद' आणि 'पूर्ण सुरक्षित' हे दोन्ही एकाच ओळीत लिहिलं होतं, आणि मी बी.ई. झालेला माणूस ती ओळ वाचून खूश झालो. इथल्या दुकानांनी असली वस्तू गिऱ्हाइकाला विकायची नसते, हे मला नंतर कळलं. पण पोस्टाने दारात आलेलं खोकं कोण अडवणार? म्हणजे टोपी मला त्या विकणाऱ्याने आधीच घातली होती.

त्या रविवारी बायको सोबत आली होती, कारण मैदानावरच्या चहाच्या शेडमध्ये हीटर चांगला आहे. मी बाहेरच्या टेबलावर बंदूक ठेवली, लेझरचं बटण दाबलं. काही नाही. पुन्हा दाबलं. टीव्हीचा रिमोट बिघडला की आपण जसा तळहातावर आपटतो, तसा आपटला. काही नाही. मग बायकोला हाक मारली, जरा समोरून बघ गं, लागलाय का? ती पुढे आली, वाकली आणि म्हणाली, नाही रे, काही दिसत नाही. मी म्हटलं, नीट बघ.

तेवढ्यात ती आरोळी.

बाई पळत आल्या. त्यांना पळताना मी पहिल्यांदाच पाहिलं. माझ्या डोक्यावरच्या टोपीकडे एक नजर टाकली, ती नजर मी अजून विसरलेलो नाही, आणि स्वतःच्या हाताने लेझरचं झाकण लावलं. मग आम्हा सगळ्यांना मागे उभं करून त्यांनी बंदूक मातीच्या बांधाकडे वळवली, झाकण काढलं आणि माझ्या हातात माझाच फोन दिला. कॅमेऱ्यातून मातीकडे बघ म्हणाल्या. डोळ्यांना नुसती माती दिसत होती. फोनच्या पडद्यावर त्याच मातीत एक जांभळट ठिपका जळत होता.

लेझर चालू होता. मघापासून चालू होता.

"लाल-हिरवा असता तर पापणी आपसूक मिटली असती," बाई म्हणाल्या. "पापणी म्हणजे पहारेकरीण. हिला चोर दिसलाच नाही तर ती दार कशाला लावेल?"

बायको इथल्या हॉस्पिटलच्या लॅबमध्ये आहे, दिवसभर मायक्रोस्कोपला डोळा लावून बसते. डोळे गेले तर नोकरी गेली, हे तर झालंच. पण डोळे गेले तर डोळे गेले. गोळ्यांसाठीचा गॉगल घातला असता तर, असं मी पुटपुटलो. बाई म्हणाल्या, तो गोळी अडवतो, उजेड नाही.

त्यांच्या पिशवीत चिवड्याच्या डब्याखाली डोळ्यांत बघायचं यंत्र कायम असे. त्या बायकोला शेडमध्ये घेऊन गेल्या, दार लावलं. मी बाहेर समोशांचा डबा छातीशी धरून येरझाऱ्या घालत राहिलो. एक गोरा पोरगा येऊन माझ्या पाठीवर थोपटून गेला आणि जाताना एक समोसा घेऊन गेला.

बाहेर आल्यावर बाईंचा चेहरा गंभीर होता. म्हणाल्या, आतला पडदा ठीक वाटतोय, पण तू लक्ष ठेव. मी म्हटलं, तडक हॉस्पिटलला नेऊ का? "असं काही झालं तर तिथेच न्यायचं, हे पक्कं लक्षात ठेव. आज मी बघितलंय. तू फक्त तिच्या डोळ्यांत बघत राहा. काही वेगळं वाटलं तर फोन कर."

मी बघत राहिलो. प्रत्येक सिग्नलला बघितलं आणि मागच्यांचे हॉर्न खाल्ले. घरी आल्यावर तिला खुर्चीत बसवून पोहे केले. तिच्याकडे बघण्याच्या नादात ते खाली लागले, तेच दोघांनी खाल्ले. डोळ्याला इजा झाली की सरळ रेघा वाकड्या दिसतात, असं कुठेतरी वाचलं होतं. म्हणून विचारलं, स्वयंपाकघरातल्या टाइल्सच्या रेघा तुला वाकड्या दिसतायत का?

"हो," ती म्हणाली.

मी गाडीची किल्ली शोधायला उठलो.

"तूच बसवल्यास ना त्या."

संध्याकाळी आणखी घोटाळा झाला. दिव्याखाली बघताना मला तिच्या डाव्या बुबुळात मधाच्या रंगाचा एक ठिपका सापडला. लगेच बाईंना फोन लावला. ठिपक्याचं सगळं वर्णन केलं. मग बाई म्हणाल्या, "अरे, तो जन्मापासूनचा असणार. लग्नाला किती वर्षं झाली तुमच्या?" मी आकडा सांगितला. त्यांनी फोन ठेवला, पण ठेवता ठेवता हसल्याचं ऐकू आलं.

पुढच्या रविवारी मी त्यांना म्हणालो, लेझर ऑनलाइन विकून टाकतो, कटकट नको. बाई बंदूक पुसत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "कुणाला विकशील? ज्याला बायको नाही अशालाच वीक हं. आणि आईपण नसावी त्याला." मग आम्ही दोघांनी मिळून त्याची बॅटरी काढली, बाईंनी त्याचं भिंग फोडलं, आणि कौन्सिलच्या रीसायकलिंगला जाऊन तुटक्या टोस्टरांच्या ढिगात तो टाकला. परत येताना बाईंनी मला आइस्क्रीम खाऊ घातलं. लहान मुलाला दात काढल्यावर देतात तसं.

यंदा बाई आपल्या मुलीकडे क्रॉयडनला राहायला गेल्या. गुडघे बदलायचेत, मुलगी ऐकत नाही, असं म्हणाल्या. निघायच्या दिवशी आम्ही स्टेशनवर पोचवायला गेलो. बंदूक त्यांनी मैदानालाच दिली होती. गरम पाण्याची पिशवी मात्र काखेत होती. ट्रेन हलली तशी त्यांनी खिडकीतून एक डोळा मिटून, बोटाने नेम धरून मला टिपलं. मी फलाटावर छातीवर हात ठेवून कोलमडलो. एका बाईंनी घाबरून विचारलं, ॲम्ब्युलन्स बोलवू का?

परतताना गाडीत मला तो रविवार आठवला. म्हटलं, त्या दिवशी बाई नसत्या तर तुझ्या डोळ्यांचं काय झालं असतं कोण जाणे.

बायको खिडकीबाहेर बघत होती. तिचे खांदे हलत होते. मला वाटलं, रडतेय. ती हसत होती.

"मी बघितलंच नव्हतं रे," ती म्हणाली. "बुटाची नाडी बांधायला वाकले होते. तू नवीन काही आणून 'बघ गं' म्हणालास की मी न बघताच 'नाही दिसत' म्हणते. शेडमध्ये गेल्या गेल्या त्यांना सांगितलं. तरी त्यांनी तपासलं. मग मी तुला सांगायला बाहेर येत होते, तर हात धरून थांबवलं मला. म्हणाल्या, 'आता रात्रीपर्यंत तो तुझ्या डोळ्यांत बघत बसेल. बघू दे की.'"