तोंडात घोटभर पाणी

भय हाही गुरूच आहे, सज्जनहो. मात्र तो शिकवतो कधी आणि नुसताच मारतो कधी, हे ओळखावे लागते. दिवा स्टेशनजवळ राहणाऱ्या हेमांगी घाणेकरने ते एका शुक्रवारी ओळखले.

ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या एका लहानशा कंपनीत ती मोबाइल गेमच्या लेव्हल रचायला शिकत होती. उमेदवारीचा तो शेवटचा दिवस. तिची पहिली लेव्हल कसोटीला उतरली तर नोकरी कायम, नाही तर निरोप. भीतीपोटी सकाळपासून तिने ती दहादा खेळून पाहिली होती.

तिथली रीत अशी : नवी लेव्हल कधीही गेम न खेळलेल्या माणसापुढे ठेवायची, आणि रचणाऱ्याने तोंडात घोटभर पाणी धरून मागे उभे राहायचे. बोलला तो नापास. कारण गेम घरोघरी जातो, तिथे वाट सांगायला रचणारा नसतो.

खेळायला बसले पहारेकरी गुणाजीकाका. पडद्यावर अंधारा जिना. हेमांगीने तो आपल्याच इमारतीवरून रचला होता. सातवी पायरी मोडकी. रोज हंडा घेऊन चढणाऱ्या तिच्या पायांना ती पाठ होती. काकांना कुठून असणार? त्यांचा गडी सातव्या पायरीवर गडप झाला. पुन्हा आरंभ, पुन्हा गडप. तिसऱ्यांदाही तेच.

"अगं पोरी, माझं चुकतंय काय? सांग ना!"

तोंडातले पाणी कोमट झाले. बोलावे तर नोकरी जाते!

काका उठले. "आमच्या डोक्यात काय शिरायचं? गेटवरच बरा मी."

ते पडलेले तोंड तिला पाहवेना. तिने बेसिनकडे धाव घेतली, पाणी थुंकले. "काका, तुमचं काही चुकलं नाही. पायरी मी लपवली!"

संपले सारे, असे वाटून तिने डोळे मिटले.

"बोललीस," प्रीतमसर म्हणाले. त्या खोलीचे वडीलधारे तेच, नोकरीचा निकालही त्यांच्याच हाती.

"हो, सर."

"इथे नवे रचणारे खेळणाऱ्यालाच ढ म्हणतात. तू म्हणाली नाहीस. अंधार ठेव, भीतीही ठेव. पण मोडकी पायरी आधी अशा जागी दाखव, जिथे पडलं तरी लागणार नाही. चार वाजेपर्यंत वेळ देतो."

आई लेकराला विहीर दाखवते ती हात धरूनच. हेमांगीने खाली, खिडकीच्या उजेडात, मोडण्याआधी करकरणारी एक पायरी बसवली. पडणारा गवताच्या भाऱ्यावर पडे. तोच करकर आवाज तिने वर, काळोखातल्या सातव्या पायरीला दिला.

चार वाजले. पुन्हा पाण्याचा घोट.

"परत पाडणार का मला?" म्हणत काका बसले. गवतावर पडले, हसले, चढू लागले. पाचवी. सहावी. करकर... काकांचे बोट थबकले.

"थांब. हा आवाज ओळखीचा हाय." आणि त्यांनी उडी मारली, थेट आठवीवर!

"हेमांगी, तोंड उघड," सर म्हणाले. तोंड कोरडे होते.

"गिळलंस?"

"केव्हा ते कळलंच नाही, सर."

"म्हणजे पाणी नसतानाही बोलायची गरज पडली नाही. सोमवारी नेमणुकीचं पत्र घेऊन जा."

काकांना यातले काही ऐकू गेले नाही. ते नवव्या पायरीपाशी कान देऊन बसले होते.