आमच्या नावाचा जॅम

परवा माझ्या नातसुनेला मी सांगितलं की नायगावच्या बीडीडी चाळीत, शेगडीवर, पितळेच्या पातेल्यात मी स्ट्रॉबेरीचा जॅम केला होता. तर ती हसून म्हणाली, आजी काहीतरीच. काहीतरीच काय? केला होता. असा केला होता की बशी आडवी धरली तरी जागचा हलला नाही. मी माझीच टिमकी वाजवते असं कुणाला वाटलं तर खुशाल वाटू दे. आता ऐंशी पार झाल्यावर मी नाही वाजवायची तर कोण वाजवणार?

मी पाचगणीची. माझा बाप तिथल्या एका साहेबी शाळेच्या स्वयंपाकघरात भांडी घासायला होता आणि आई भाजी निवडायला. जानेवारी-फेब्रुवारीत मळ्यातून स्ट्रॉबेरीच्या करंड्या यायच्या, तेव्हा देठ काढायला आम्ही पोरीसोरी बसायचो. खानसामा जॅम करायचा आणि मी बघायचे. बघायला कुणाची मनाई नव्हती. लग्न होऊन मुंबईला आले तेव्हा माझ्याबरोबर दोन लुगडी, सातवीचा दाखला आणि ही एक विद्या होती, जिचा नायगावात काडीचा उपयोग नव्हता. नायगावात स्ट्रॉबेरी कुणी बघितली होती?

सासूला मी आत्याबाई म्हणायचे. बाई रत्नागिरीकडची, अंगाने काटक, बोलायला कमी. आमच्या चाळीने दीक्षा घेतल्याला तेव्हा वर्ष होऊन गेलं होतं. आत्याबाईंनी स्वतःच्या हाताने घरातला देव्हारा काढला होता, एकदाही मागे वळून न बघता. अशी खमकी बाई. पण तिचा एक नेम होता, आणि तो मला घरात पाऊल टाकल्याच्या दुसऱ्याच दिवशी समजला. आपल्या खोलीतून शिजवलेलं काही दुसऱ्यांच्या चाळीत जायचं नाही. कुणी मागितलं तर मूठभर तांदूळ द्या, नारळ द्या, पण चुलीवरचं नको. कारण विचारलं तर म्हणायच्या, नको म्हटलं ना, विषय संपला.

तो काळ संयुक्त महाराष्ट्राचा होता. भोईवाड्यापासून लालबागपर्यंत भिंती घोषणांनी भरलेल्या, आणि आम्ही बायकाही मोर्च्यात. सत्याग्रहात तुरुंगात गेलेल्या माणसांच्या घरांना मदत म्हणून बायकांच्या एका मंडळाने रविवारी शाळेच्या हॉलमध्ये विक्री ठेवायचं ठरवलं. प्रत्येकीने घरी केलेलं काहीतरी द्यायचं. मंडळाच्या पुढारी दादरच्या एक बाई होत्या, शाळेत शिकवायच्या. मोर्च्यात माझ्या खांद्याला खांदा लावून चाललेल्या, लाठी आली तेव्हा माझं मनगट धरून मला गल्लीत ओढणाऱ्या. तेव्हा त्यांच्याबद्दल माझ्या मनात माया होती, हे आधी सांगते.

बाई वही घेऊन चाळीचाळीतून फिरल्या. शेजारच्या चाळीत बेसनाचे लाडू, चकल्या, लिंबाचं लोणचं लिहून घेतलं. मी गॅलरीतून सगळं ऐकत होते. मग आमच्याकडे आल्या आणि गोड आवाजात म्हणाल्या की तुम्ही कागदाची फुलं द्या, विणलेले रुमाल द्या, खाण्याचं पुष्कळ झालंय. आमच्या मजल्यावरच्या बायकांनी माना डोलावल्या. माझ्या डोक्यात मात्र तिडीक गेली. घोषणा द्यायला आमचा घसा चालतो, डोकं फोडून घ्यायला आमची डोकी चालतात, आणि लाडवाला आमचा हात चालत नाही होय?

मी म्हटलं, बाई, माझं लिहा. स्ट्रॉबेरीचा जॅम, सहा बाटल्या.

बाईंचं पेन्सिल धरलेलं बोट थांबलं. लाडू म्हटले असते तर त्यांनी लाडू पुष्कळ झालेत म्हणून टाळलं असतं. जॅम कुणीच लिहिला नव्हता. नाही म्हणायला त्यांना जागा सापडली नाही, म्हणून त्यांनी लिहून घेतलं.

त्या दिवशी आत्याबाई माझ्याशी जेवेपर्यंत बोलल्या नाहीत. मग एवढंच म्हणाल्या, की बाटल्या जशाच्या तशा परत आल्या तर त्या उचलून आणायच्या कुणी? मला उद्या नळावर त्याच बायकांमध्ये उभं राहायचं आहे. माझा नवरा गिरणीत रिंग खात्यात, सूत कातायला होता. मागावर धोट्यातलं सूत तोंडाने ओढावं लागायचं, म्हणून आमच्या माणसांना विणकाम खात्यात घेतच नसत. तो हसला आणि म्हणाला, आपल्या तोंडचं सूत चालत नाही त्यांना, तुझा जॅम चालेल? हसला खरा, पण मला ते हसणं अजिबात आवडलं नाही. मी बापाला पत्र टाकलं.

शुक्रवारी सकाळी भाजीच्या लॉरीवरून गवत घातलेली करंडी दादरच्या बाजारात उतरली. नवरा रात्रपाळीहून परत येताना घेऊन आला. खोलीभर वास सुटला. आत्याबाईंनी एक फळ बोटात धरून फिरवून फिरवून बघितलं आणि बी बाहेरून कसं काय म्हणून विचारलं. मी पातेल्याला कालच कल्हई करून घेतली होती. साखर आणि लिंबं तेवढी राहिली होती, ती आणायला मी खाली गेले. निघताना म्हटलं, आत्याबाई, बसल्या बसल्या देठ काढून ठेवा.

तासाभराने परत आले तर आत्याबाई घमेल्यासमोर बसलेल्या. देठ काढलेली सगळी फळं कोमट पाण्यात बुडवून ठेवलेली, आणि पाणी लालभडक. दोन पाणी आधीच मोरीत गेलं होतं, हे तिसरं. स्ट्रॉबेरी देठासकट धुवायची असते, पटकन, आणि लगेच कोरडी करायची. देठ काढून भिजवली की ती पाणी पिते आणि चव सोडते. मी एक फळ उचललं तर बोटात पिचपिचलं. माझा संताप संताप झाला. सुनेने सासूवर ओरडू नये एवढं मी ओरडले. बापाने उसनवारी करून पाठवलेली करंडी, दुसरी येणार नाही, परवा विक्री, आणि हे काय करून ठेवलंत?

आत्याबाई हळू म्हणाल्या, "कुणी म्हणायला नको गो, की यांनी धुतलं नव्हतं."

मी पिशवी खाली ठेवली आणि त्यांच्याशेजारी जमिनीवर बसले. मग आम्ही दोघींनी मिळून फळं चाळणीत उपसली. ते तिसरं पाणी मोरीत ओतायला आत्याबाई उठल्या, पण मी त्यांचा हात धरला. फळाची सगळी चव त्यातच उतरली होती, ते टाकून कसं चालेल?

साखर घालून फळं चढवली. उकळली, फेस आला, फेस काढला. बशीत थेंब टाकून बशी कलती केली तर थेंब सरबतासारखा धावत खाली. आणखी आटवलं, परत तेच. जास्त आटवावं तर साखर करपून काकवी व्हायची भीती. मी पातेलं उतरवून ठेवलं आणि डोकं धरून बसले. खानसाम्याच्या हाताखाली कधी असली फजिती बघितलीच नव्हती, त्याच्या फळांना कुणी अशी आंघोळ घातलेली नव्हती.

पण खानसामा पेरूची जेली करायचा. अर्धेकच्चे पेरू पाण्यात उकळून ते पाणी नुसतं साखर घालून आटवलं की आपोआप गोठायचं. पेरूत काहीतरी असतं जे धरून ठेवतं, एवढं मला माहीत होतं. मी नवऱ्याला झोपेतून उठवलं आणि बाजारात पिटाळलं, कडक बघून पेरू आण म्हणून. बिचारा डोळे चोळत गेला. त्या लाल पाण्यातच पेरूच्या फोडी उकळल्या, आत्याबाईंच्या जुन्या लुगड्याच्या स्वच्छ तुकड्यातून गाळल्या, न पिळता, आपलं आपण ठिबकू दिलं. ते पाणी आणि दोन लिंबांचा रस पातेल्यात घातला आणि पुन्हा शेगडीवर चढवलं. आत्याबाई हलवत होत्या, मी बशी धरून उभी.

तिसऱ्या थेंबाला बोटाने ढकलल्यावर वर बारीक सुरकुती पडली. मी बशी आडवी केली. थेंब जागचा हलला नाही.

मला तेव्हा जो आनंद झाला तो पहिल्या मुलाच्या वेळीसुद्धा झाला नसेल, तेव्हा कळाच इतक्या होत्या. रंग असा गडद की उजेडाला धरला तर माणकासारखा. चवीला मागे किंचित पेरूचा वास, जो साहेबाच्या जॅमला कधी नव्हता. छाती ठोकून सांगते, तसा जॅम त्या खानसाम्याला जमला नसता. बिघडलेल्या फळाचा तर नाहीच.

शनिवारी सहा बाटल्यांवर कागदाच्या चिठ्ठ्या चिकटवायच्या होत्या. आत्याबाईंचं म्हणणं, नुसतं 'घरगुती जॅम' लिही, म्हणजे सगळा खपेल. मी माझं नाव, नवऱ्याचं नाव, आडनाव, चाळीचा नंबर आणि खोलीचा नंबर लिहिला. आडनाव वाचलं की आमच्याबद्दल जे कळायचं ते लोकांना कळतंच. आत्याबाई म्हणाल्या, पोरी, कशाला हट्ट? मी सांगितलं की बिननावाचा खपला तर तो माझा जॅम खपला असं होत नाही. त्यांनी सुस्कारा टाकला आणि खळ पुढे केली.

रविवारी हॉल गजबजला होता. लाडू पहिल्या तासात संपले, चकल्या संपल्या. माझ्या बाटल्या टेबलाच्या टोकाला. बायका यायच्या, रंग बघून हात पुढे करायच्या, बाटली उचलायच्या, चिठ्ठी वाचायच्या आणि अलगद खाली ठेवायच्या. वर हसून म्हणायच्या, छान दिसतोय हो. चार वाजले तरी सहाच्या सहा तिथेच. आत्याबाईंनी मांडीवरची रिकामी पिशवी उलगडायला घेतली.

ती पिशवी बघून मात्र माझी सटकली. चवीसाठी मी पाव कापून आणला होता, तो बाहेर काढला. एक बाटली फोडली, एका तुकड्यावर जॅम लावला, आणि तो घेऊन हॉलच्या मधोमध उभ्या असलेल्या मंडळाच्या बाईंकडे गेले. आजूबाजूला वीसेक बायका असतील. मी चिठ्ठी त्यांच्यासमोर धरली.

"बाई, नाव वाचा आणि मग खा."

बाईंनी खरंच चिठ्ठी वाचली. त्यांचा चेहरा लाल झाला, हे मला दिसलं. मग त्यांनी तुकडा घेतला, पुरता खाल्ला, आणि बोटाला लागलेला जॅमही चाटला. घट्ट कसा झाला, मी करते तेव्हा पातळ होतो, असं त्यांनी सगळ्यांसमोर विचारलं. मी पेरूचं सांगितलं. लोणच्याच्या बरण्यांना पुरून उरलेल्या बायकांना असल्या युक्तीचं कोण अप्रूप. अर्ध्या तासात पाव संपला आणि बंद पाचही बाटल्या गेल्या. फोडलेली बाटली बाईंनी स्वतः घेतली. त्या मला नंतर बाजूला घेऊन म्हणाल्या की मला काही वाटत नव्हतं, लोकांची भीती होती. मी म्हटलं, आम्हालाही लोकांचीच होती.

मी घरी आले ती जमिनीच्या वर चार बोटं चालत. रात्री जेवताना आत्याबाई मात्र एवढंच म्हणाल्या की सगळ्यांसमोर तू चारलंस, सगळ्यांसमोर त्यांनी घेतलं. घरी नेऊन काय केलं ते कुणाला ठाऊक.

सोमवारी सकाळी नवरा अजून कामावरून यायचा होता, तेव्हा त्या म्हणाल्या, चल जरा. मला घेऊन त्या चाळींच्या मागच्या गल्लीत गेल्या, जिथून फक्त सफाईवाले जातात. कुठली बाटली कुठल्या चाळीत गेली हे त्यांनी नीट ध्यानात ठेवलं होतं. एकेका चाळीच्या मागे थांबून त्या वाकायच्या आणि गटारात, कचऱ्याच्या डब्यात बघायच्या. मला वाटलं, काही हरवलं आहे. दुसऱ्या चाळीमागे मी विचारलं तेव्हा त्यांनी न थांबता सांगितलं. माझा नवरा सातवी पास झाला तेव्हा त्यांनी पेढे वाटले होते, कागदात बांधून, दारोदार जाऊन. सगळ्यांनी दोन्ही हातांनी घेतले, पोराचं कौतुक केलं. दुसऱ्या दिवशी याच गल्लीत त्यांना ते पेढे दिसले, गटारात. पुड्यासुद्धा सोडलेल्या नव्हत्या. "कुणाला बोलले नाही गो," त्या म्हणाल्या. "तुझ्या नवऱ्यालापण नाही."

मला रडू येण्याआधी राग आला, आणि राग येण्याआधी त्या घमेल्यातलं लाल पाणी दिसलं. मी त्यांच्याबरोबर वाकून बघायला लागले. राख होती, माशाची खवलं होती, अंड्याची टरफलं, चिंध्या. दादरला गेलेल्या एका बाटलीचं आम्हाला कळणार नव्हतं, पण बाकीच्या सगळ्या चाळी आम्ही पालथ्या घातल्या. शेवटच्या चाळीमागे आत्याबाईंनी गटार दोनदा बघितलं. कुठेही लाल ठिपका नव्हता.

"खाल्लं गो," त्या म्हणाल्या. "आपल्या घरचं खाल्लं त्यांनी."

मग त्यांनी पदर सारखा केला, माझा हात धरला, आणि आम्ही पुढच्या रस्त्याने, सगळ्या चाळींच्या दारांवरून, सावकाश घरी आलो.