वेटलिस्ट नंबर एकोणीस आणि आण्णांचं गोल्ड कार्ड

भूपालआण्णांची सीट कन्फर्म होती आणि त्यांना दिल्लीत काही काम नव्हतं. त्यांच्या धाकट्या भावाचं, अजितचं, तिकीट वेटलिस्टवर होतं, नंबर एकोणीस. आणि अजित परवा सकाळी दिल्लीजवळच्या फरिदाबादच्या कंपनीत हजर झाला नाही, तर जयसिंगपूरची त्यांची फौंड्री बंद पडणार होती. दोघं माझ्या टेबलासमोर बसले होते. फ्लाइट दुसऱ्या दिवशी दुपारी मुंबईहून होती.

"एकाच घरातली मानसं हाय न्हवं आमी," आण्णा म्हणाले. "माझी सीट ह्याला लावा. संपला विषय."

विषय संपला नव्हता. नव्वदच्या दशकातली शेवटची वर्षं. मी कोल्हापुरात स्टेशन रोडवरच्या एका ट्रॅव्हल एजन्सीत तिकिटं काढायचो. तिकिटावरचं नाव बदलत नाही, हे मी रोज किमान तीन माणसांना सांगायचो. आण्णांना तर सहा वर्षं सांगत होतो.

आण्णांच्या गोल्ड कार्डाचं प्रकरण काय, ते आधी सांगतो. एअरलाइन गिऱ्हाइकाला एक कार्ड देते. जितका प्रवास, तितके मैल त्या कार्डावर जमतात. पुरेसे जमले की साध्या निळ्या कार्डाचं सिल्व्हर होतं, सिल्व्हरचं गोल्ड. गोल्डवाल्याला वेगळी रांग, जास्तीचं सामान, लाउंजमध्ये फुकट खाणं, आणि विमान फुल्ल असेल तर वेटलिस्टमध्ये वरचा नंबर. अट एकच. सीटवर जो बसला, मैल त्याचे.

आण्णांना ही अट मान्य नव्हती. चौघा भावांच्या तिकिटांवर त्यांना स्वतःचा नंबर घालून हवा होता. "शेत एकत्र, चूल एकत्र, मग मैल येगळं कशाला?" असं त्यांचं म्हणणं. कॉम्प्युटरला एकत्र कुटुंब कळत नाही, असं मी सांगितलं. त्यावर त्यांनी आठ दिवस विचार केला आणि मार्ग काढला. यापुढे घरातल्या कुणाचंही काम असलं, तरी विमानात फक्त आण्णा बसणार. म्हणजे सगळे मैल एका जागी.

आणि खरंच बसले. पांढरी टोपी, धोतर, हातात कापडी पिशवी. दोन वर्षांत गोल्ड झालं. त्याचा टॅग त्यांनी त्या पिशवीला बांधला आणि तो परत कधी सोडला नाही. मलकापूरला लग्नाला जाताना एसटीतही तो टॅग असायचा. लाउंजचं त्यांना विशेष कौतुक होतं. ते जैन, दिवस मावळला की जेवत नाहीत. संध्याकाळच्या फ्लाइटला पूर्वी उपाशी जायचे. आता पाचच्या आत लाउंजमध्ये बसून, बटाटा नसलेलं काय काय आहे ते विचारून, पोटभर जेवायचे.

अजित मात्र सहा वर्षांत एकदाही विमानात बसला नव्हता. फौंड्री चालवणारा तोच. डिप्लोमा झालेला, बोलायला कमी. पंपाच्या बॉड्या ओतायचं काम, आणि त्यातला जवळजवळ सगळा माल एकट्या फरिदाबादला जायचा. तिथं तक्रार आली की आण्णा जायचे. मागच्या खेपेला मालात बारीक पोकळ्या निघाल्या. आण्णा गेले. मीटिंगमध्ये त्यांनी "घरी विचारून सांगतो" हे वाक्य अकरा वेळा म्हटलं. अकरा हा आकडा कंपनीनं पत्रात लिहून कळवला होता. पुढे लिहिलं होतं की आता माल बनवणाऱ्या माणसाला पाठवा, नाहीतर ऑर्डर दुसरीकडे देतो.

आण्णांची कन्फर्म सीट कशासाठी होती, तेही सांगायला हवं. मार्चअखेर होती. गोल्ड टिकवायला त्यांना दिल्लीला एकदा जाऊन यायचं एवढंच बाकी होतं. दिल्लीत उतरायचं, चहा प्यायचा, परत यायचं. मीच बुक केलं होतं. यात माझाही वाटा आहे, नाकारत नाही. गोल्ड मिळालं तेव्हा त्यांचे पेढे मी खाल्ले होते.

"आण्णांची सीट कॅन्सल करू या," अजित हळूच म्हणाला. "मग मला मिळंल की."

"नाही मिळणार," मी म्हणालो. "ती वेटलिस्टच्या एक नंबरला जाईल. तुम्ही एकोणीसचे अठरा व्हाल."

आमचे मालक, पोवार साहेब, मागून ऐकत होते. ते पुढे आले. "कोण बघतंय ओळखपत्र? आण्णांच्या तिकिटावर पाठवा की ह्याला. टोपी घालून."

"पकडला तर आपला तिकिटं काढायचा एजन्सी कोड जाईल, साहेब."

"मग नको," पोवार साहेब म्हणाले आणि परत आत गेले.

मी मुंबईला एअरलाइनच्या रिझर्व्हेशनला फोन लावला. तिथल्या सुपरवायझर मॅडमशी कामापुरती ओळख होती. त्यांनी एक नियम सांगितला, जो मला माहीत असायला हवा होता आणि नव्हता. गोल्ड मेंबरबरोबर जाणाऱ्या एका माणसालाही वेटलिस्टमध्ये वरचा नंबर मिळतो. फक्त दोन्ही बुकिंग एकमेकांना जोडलेली पाहिजेत, आणि मेंबर स्वतः एअरपोर्टवर हजर पाहिजे. मी लगेच जोडून घेतली. पाच मिनिटांत अजित एकोणीसवरून एकवर आला.

"म्हंजे झालं?" आण्णांनी विचारलं.

"एक नंबर म्हणजे सीट नव्हे. कुणी आलं नाही, तर सीट."

"गळतंय की एकजण तरी," म्हणत आण्णा उठले. संध्याकाळच्या बसनं दोघं मुंबईला गेले.

दुसऱ्या दिवशी दुपारी माझ्या टेबलावरचा फोन वाजला. आण्णा एअरपोर्टवरच्या बूथवरून बोलत होते. आवाज नेहमीसारखा, म्हणजे आमच्या मालकांना आत ऐकू जाईल एवढा.

"कांबळे, समदी आल्यात. एकबी गळला न्हाय. काउंटर बंद व्हायला पंधरा मिन्टं हायत."

मला उपाय कालपासून दिसत होता. काल बोललो नाही, कारण गिऱ्हाइकाला असलं सांगायची माझी हिंमत नव्हती.

"आण्णा, तुमचं चेक-इन झालंय?"

"झालंय. पास हातात हाय."

"मग तो काउंटरवर परत द्या. मी जात नाही म्हणून सांगा. आता वेटलिस्टला अजित पहिला आहे. तुमची सीट त्यालाच जाईल, दुसऱ्या कुणाला जाऊ शकत नाही."

फोनवर मागे अनाउन्समेंट ऐकू येत होती.

"आनि गोल्ड?"

"जाईल."

"पुढची फ्लाइट?"

"मार्चअखेरपर्यंत सगळ्या फुल्ल आहेत. मी बघून ठेवलंय."

मला वाईट वाटलं. त्या माणसानं सहा वर्षं ते कार्ड घरातल्या गाईसारखं सांभाळलं होतं.

"त्यो पोरगा काल बसमधी काय म्हनला सांगू?" आण्णांचा आवाज पहिल्यांदाच खाली आला. "म्हनला, आण्णा, खिडकीजवळची सीट मागून घ्यावी लागती काय? सहा वर्सं मी खिडकीजवळच बसलोय, कांबळे. एकदाबी भाईर बघिटलं न्हाय. झोपायचो." मग त्यांनी फोन ठेवला.

अजित गेला. फरिदाबादच्या लोकांना त्यानं अर्ध्या तासात सांगितलं की साच्यातली वाळू ओलसर राहते, तिच्या वाफेनं पोकळ्या पडतात, आणि ती कशी वाळवायची हेही कागदावर काढून दाखवलं. घरी विचारून सांगतो, असं तो एकदाही म्हणाला नाही. ऑर्डर राहिली.

आण्णा एअरपोर्टवर रात्रीच्या बसपर्यंतचा वेळ लाउंजमध्ये काढावा म्हणून गेले, तर दारावरच्या मुलीनं अडवलं. बोर्डिंग पास नाही, तर लाउंज नाही. गोल्ड असो की आणखी काही. मग बाहेरच्या खुर्चीवर बसून त्यांनी घरून आणलेली भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी दिवस मावळायच्या आत खाल्ली आणि रात्रीच्या बसनं परत निघाले. परत आल्यावर मला पहिलं वाक्य हे ऐकवलं, "लाउंजपरीस भाकरी बरी हाय."

एप्रिलात त्यांचं नवं कार्ड आलं. सिल्व्हर. ते त्यांनी टेबलावर ठेवलं आणि नव्या मेंबरचा फॉर्म मागितला. नावाच्या रकान्यात अजितचं नाव स्वतःच्या हातानं लिहिलं. सीटच्या पसंतीच्या रकान्यात काय लिहायचं, असं मी विचारलं. "खिडकी," म्हणाले. "त्यो झोपत न्हाय."

गोल्ड कार्डाचा सगळ्यात मोठा फायदा कुठला, असं मला अजून लोक विचारतात. मी सांगतो, आपण सीट सोडली तर ती आपल्या माणसाला मिळते. मात्र त्यासाठी विमानतळापर्यंत जाऊन मागे फिरावं लागतं. ब्रोशरमध्ये हे छापलेलं नाही.